गिनीपिगची साक्ष

जो प्राणी रोग पसरवितो तो त्या रोगाने स्वतः सहसा आजारीच पडत नाही, हीच लेप्टोस्पायरोसिसच्या अभ्यासातील मूळ अडचण होय. घुशी व उंदीर यांच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांत लेप्टोस्पायरा हे मळसूत्री आकाराचे जिवाणू महिनोन्‌महिने मुक्कामास असतात आणि मूत्रावाटे पाण्यात व चिखलात उतरतात. तरीही यजमानाच्या प्रकृतीस त्याची फारशी झळ लागत नाही. मग माणसाच्या यकृताची व मूत्रपिंडांची या रोगात जी वाताहत होते, तिचा दाखला उंदराकडून कसा मिळावा?

तो दिला गिनीपिगने. वाइल या जर्मन वैद्यांनी 1886 मध्ये या कावीळयुक्त ज्वराचे वर्णन केले होते; परंतु त्याचे कारण पुढे जवळजवळ तीस वर्षे अज्ञातच राहिले. अखेर जपानच्या क्यूशू बेटावर, पाणथळ कोळसाखाणींत राबणाऱ्या मजुरांना हा ज्वर ग्रासत असताना, इनाडा व इडो या संशोधकांनी रुग्णांचे रक्त गिनीपिगला टोचले. त्यास ज्वर चढला, डोळे पिवळे झाले, रक्तस्राव होऊन तो मेला, आणि त्याच्या यकृतात जिवाणू सापडल्याचे त्यांनी 1915 मध्ये जाहीर केले. हा जिवाणू त्वचेवाटेही शरीरात शिरतो, हेदेखील त्यांनी याच प्राण्यावर सिद्ध केले.

हीच साक्ष पुढे एका थोर संशोधकाची दिशाभूल करून गेली, याचे मला आजही दुःख वाटते. 1918 मध्ये इक्वाडोरमधील ग्वायाकिल येथे नोगुची यांनी पीतज्वराचे रुग्ण समजल्या गेलेल्यांचे रक्त गिनीपिगला टोचले. कावीळ झाली, लेप्टोस्पायरा दिसला, आणि तोच पीतज्वराचे कारण असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. वस्तुतः पीतज्वर विषाणूजन्य आहे आणि त्याने ऱ्हीसस माकड आजारी पडते, हे 1927 मध्ये उघड झाले. पुढच्याच वर्षी, आफ्रिकेत आक्रा येथे याच प्रश्नाचा फेरतपास करीत असता, पीतज्वरानेच नोगुचींचा अंत झाला.

आज गिनीपिगइतकाच हॅमस्टर हा प्राणी प्रयोगशाळांत उपयोगी पडतो, कारण अल्प मात्रेनेही त्यास माणसासारखाच तीव्र आजार होतो. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर मात्र सहज बळी पडत नाही. त्याच्या पेशींवरील एक ग्राही या जिवाणूच्या आवरणास ओळखतो, आणि माणसाचा तोच ग्राही ते ओळखू शकत नाही. प्राण्याप्राण्यांत असा भेद असतो, म्हणून हॅमस्टरवर यशस्वी ठरलेली लस माणसास तारेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ उसळली होती. तेव्हा वाचकहो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ज्वर आला, तर डॉक्टरांना त्या पाण्याविषयी अवश्य सांगा.