महापूर सापडला, यू नव्हे

‘चीनचा पौराणिक महापूर शास्त्रज्ञांनी सिद्ध केला’ हे वाक्य २०१६ पासून सतत कानावर पडतं आणि दर वेळी मी वैतागतो. कारण ज्या शोधनिबंधाच्या जोरावर ते फेकलं जातं, तो वाचलेला कुणी भेटत नाही.

दंतकथेत गुन बांध घालून पूर अडवू पाहतो आणि हरतो. त्याचा मुलगा यू तेरा वर्षं राबून पाण्याला वाटा करून देतो, आणि त्यातून श्या घराणं उभं राहतं. वू छिंगलोंग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातल्या त्या शोधनिबंधात मांडलं ते असं: छिंगहाईतल्या जिशी घळीत दरड कोसळून पीत नदी तुंबली आणि इ.स.पू. १९२०च्या सुमारास तो बांध फुटला. काळ ठरला तो २५ किलोमीटर खालच्या लाज्या वस्तीत भूकंपाने गाडल्या गेलेल्या मुलांच्या हाडांवरून. काम मोलाचंच आहे. पण बांधफुटीचा लोंढा काही दिवसांत ओसरतो. कथेतला पूर वर्षानुवर्षं टिकतो. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्येच इतर संशोधकांनी यावर हरकती घेतल्या, त्या मात्र कुणी पुढे पाठवत नाही! आणि यूचं नाव प्रथम दिसतं ते पश्चिम झोऊ काळातल्या एका कांस्यपात्रावर, या पुरानंतर सुमारे हजार वर्षांनी.

‘मग अर्लितोऊ?’ त्या प्राचीन उत्खननस्थळी राजवाडे, रस्ते, कांस्य ओतण्याच्या भट्ट्या आहेत. बहुतेक चिनी पुरातत्त्वज्ञ ती श्यांची राजधानी मानतात. तरी ‘श्या’ असं लिहिलेला एकही लेख तिथे मिळालेला नाही. सरकारी कालगणना प्रकल्पाने २००० साली श्यांचा आरंभ इ.स.पू. २०७० धरला, म्हणजे वूंच्या पुराच्याही दीडशे वर्षं आधी.

याचा अर्थ जुनं सगळं थापा, असंही नाही. श्यांनंतरच्या शांग घराण्यावरही इतिहासकारांनी शंका घेतली होती. १८९९ मध्ये शांगांनी भविष्य पाहण्यासाठी वापरलेली कोरीव हाडं ओळखली गेली. १९१७ मध्ये अभ्यासक वांग ग्वोवेईंनी त्यांवरची राजांची नावं प्राचीन इतिहासकार स्स-मा छ्येनच्या यादीशी ताडून पाहिली आणि बहुतेक जुळली. शांगांच्याच काळात, त्यांच्याच दरबारात कोरलेली नावं. श्यांसाठी नेमकं हेच हवं आहे.

असेच फुगवलेले आणखी दोन दावे. सानशिंगद्वे या प्राचीन स्थळी सापडलेले कांस्य मुखवटे परग्रहवासीयांचे नाहीत. ते तिथल्याच कारागिरांनी ओतले. आणि चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यातल्या ‘पाऱ्याच्या नद्या’ कुणीही पाहिलेल्या नाहीत: टेकाडाच्या मातीत पारा जास्त आढळला, इतकंच; मुख्य दालन अजून उघडलेलंच नाही.