ताटावरचा अपराधभाव: वजन कमी करताना धम्म काय शिकवतो?

अकोल्यात पोलीस भरतीची तयारी करणारे अनेक युवक-युवती पहाटे मैदानावर धावताना दिसतात. काहींना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेले असते. या मुलांशी बोलताना आम्हाला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. दोन आठवडे डाएट नीट चालते. मग मित्राच्या वाढदिवसाला शेगाव कचोरी होते किंवा लग्नाच्या पंगतीत जरा जास्त जेवण होते. त्या रात्री "आपल्याने काहीच होत नाही" हा विचार झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहायचे, संध्याकाळी भूक अनावर झाली की पुन्हा जास्त खायचे आणि पुन्हा स्वतःला दोष द्यायचा.

वजनाचा प्रश्न खरा आहे, यात शंका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात 39.5 टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. भारतीय पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि महिलांची 80 सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून वजन कमी करणे योग्यच. पण त्यासाठी स्वतःला अपराधी ठरवणे गरजेचे आहे का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. अपराधभावाने वजन कमी होत नाही आणि धम्मातही त्याला सद्गुण मानलेले नाही.

पश्चात्ताप हे शील नव्हे

पंचशीलातील पाच शिकवणी आपल्याला पाठ आहेत. त्यात जास्त जेवण्याचा उल्लेख कुठेच नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे दुपारनंतर जेवत नाहीत, पण तेही 'सिक्खापद' आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. तो मोडला तर पुन्हा ग्रहण करायचा असतो. त्यासाठी स्वतःला शिक्षा करायची नसते.

धम्मात 'हिरी' आणि 'ओत्तप्प' हे दोन गुण सांगितले आहेत. वाईट कृत्याची लाज आणि त्याच्या परिणामांची भीती माणसाला हिंसा, चोरी, फसवणूक यांपासून आधीच रोखते. याउलट घडून गेलेल्या गोष्टीवर मन कुरतडत बसणे याला पालीत 'कुक्कुच्च' म्हणतात. पाच नीवरणांमध्ये, म्हणजे चित्ताला झाकोळणाऱ्या अडथळ्यांमध्ये, उद्धच्चासोबत त्याची गणना होते. कचोरी खाऊन रात्रभर तळमळणे हे कुक्कुच्च आहे. त्यातून संयम वाढत नाही, उलट संयमासाठी लागणारी शक्ती त्यातच संपते.

उपासमार सोडणारे सिद्धार्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थांच्या कठोर तपश्चर्येचे सविस्तर वर्णन केले आहे. शरीर हाडांचा सापळा झाले, तरी दुःखाचे उत्तर सापडले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेले अन्न घेतले. सोबतचे पाच परिव्राजक नाराज होऊन निघून गेले. सिद्धार्थांनी मात्र अन्न घेतल्याची लाज बाळगली नाही. भुकेल्या देहाने नीट विचार करता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते.

प्रसेनजित राजाची गोष्ट

आपल्या विषयाच्या अगदी जवळचा प्रसंग संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्तात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा तो भरल्या पोटी धापा टाकतच भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला 'अधाशी' म्हटले नाही की उपवासही सांगितला नाही. जो सजग राहून जेवणाचे माप ओळखतो त्याचे त्रास हलके होतात, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली. जेवताना ती ऐकवण्यासाठी त्याला रोज शंभर कहापण मिळत. अट्ठकथेनुसार राजा शेवटच्या घासाशी आला की गाथा म्हटली जाई. राजा तो घास ठेवून देई आणि पुढच्या वेळी तेवढाच भात कमी शिजवला जाई. असे करत त्याचा आहार हळूहळू एका नाळीवर आला आणि शरीर हलके झाले.

या उपायात तीनच गोष्टी आहेत: जेवतानाची आठवण, एका घासाची घट आणि धीर.

विज्ञानही हेच सांगते

1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. त्यांना रात्रंदिवस अन्नच दिसू लागले आणि पुढे पोटभर अन्न मिळाल्यावरही अनेकांची भूक आवरेना. म्हणजे उपाशी राहिल्यावर अन्नावर तुटून पडणे हा शरीराचा धर्म आहे. त्यात चारित्र्याचा दोष नाही.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांच्या प्रयोगात तरुणींना आधी डोनट खायला दिला. नंतर काही जणींना सांगितले की असे सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर कठोर होऊ नका. पुढे चव पाहायला गोळ्या-चॉकलेट दिल्यावर, खाण्याचे कडक निर्बंध पाळणाऱ्या तरुणींपैकी ज्यांना हे ऐकवले होते त्यांनी कमी खाल्ले. स्वतःविषयी मैत्री ठेवल्याने संयम सुटला नाही, उलट टिकला.

आपल्या ताटाचा इतिहास

आपल्या घरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला ताटात अन्न टाकणे सहन होत नाही. आजी आग्रहाने वाढते, कारण तिने भूक पाहिली आहे. दुसरीकडे मोबाइलवरचे व्हिडिओ प्रत्येक घासाचा हिशोब मागतात. त्यात भर म्हणून सात्त्विक-तामसी अशा वर्गवारीने आपल्या जेवणाला पिढ्यान्‌पिढ्या हलके ठरवले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने या अन्नसंस्कृतीची नोंद घेतली आहे. ज्यांच्या ताटावर समाजाने लाज लादली, त्यांनी ती लाज डाएटच्या नावाने पुन्हा स्वतःवर लादून घेऊ नये.

मग करायचे काय?

- प्रसेनजित राजासारखी एका वेळी एकच घट करा: अर्धी पोळी, भाताचा एक चमचा किंवा पोह्यांवरची तर्री.
- जास्त खाल्ले गेले तर पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीइतकेच घ्या. एक किलो चरबी म्हणजे सात हजारांहून अधिक कॅलरी. एका कचोरीने ती तयार होत नाही.
- दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी दोन श्वास थांबा. भूक पोटाची आहे की मनाची, ते पाहा.
- ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी-पालकाची भाजी, अंडी किंवा मासे हे आपले रोजचे जेवण पुरेसे आहे. महागड्या पावडरची गरज नाही.
- वजन रोज करू नका. पाणी आणि मिठामुळेही ते एका दिवसात वर-खाली होते.
- उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच चाला.

खाऊन मुद्दाम उलटी करणे, लपून खाणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, मासिक पाळी थांबणे अशी लक्षणे दिसली तर तो आजार समजा आणि डॉक्टरांकडे जा. 'टेलिमानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

कार्यकर्त्यांनाही आमची विनंती आहे. विहारात आणि कार्यक्रमात "काय बाप्पा, लयच सुटली तू" असे कोणाला म्हणू नका. पौर्णिमेच्या भोजनदानात ज्याला जेवढे हवे तेवढे त्याचे त्याला घेऊ द्या, आग्रह नको आणि टोमणाही नको. आपण रोज 'सर्वांचे मंगल होवो' म्हणतो. त्या सर्वांमध्ये ताटावर बसलेले आपण स्वतःही आहोत.