द्विरुक्त फाईल्सचा शोध : संगणकाचे 'सारखे' आणि आपले 'सारखे'

महाविद्यालयातील कोणत्याही विभागाच्या संगणकात डोकावले असता एकच मजकूर अनेक ठिकाणी साठवलेला आढळतो. अभ्यासक्रमाची प्रत ई-मेलमधून उतरवली जाते, पेनड्राइव्हवर जाते आणि तेथून पुन्हा दुसऱ्या फोल्डरमध्ये येते. 'अहवाल', 'अहवाल अंतिम', 'अहवाल अंतिम नवा' ही नावे सर्वांच्याच परिचयाची आहेत. मूल्यांकन समिती दारात असताना यांपैकी खरी प्रत कोणती, हा प्रश्न केवळ जागेच्या बचतीचा राहत नाही. अशा द्विरुक्त फाईल्स शोधणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. ती 'सारखे' कशाला म्हणतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

'एफड्यूप्स' या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची रीत पाहिली की तत्त्व ध्यानात येते. प्रथम फाईल्सचे आकार ताडले जातात. आकार भिन्न असलेल्या दोन फाईल्स तंतोतंत एक असणे शक्यच नाही. या पहिल्याच चाळणीत पुष्कळ फाईल्स बाजूला होतात. उरलेल्यांच्या आधी सुरुवातीच्या भागाचा व नंतर संपूर्ण फाईलचा 'हॅश' काढला जातो. हॅश म्हणजे फाईलमधील सर्व बाइट्सवरून गणिताने काढलेली ठराविक लांबीची संख्या, एक प्रकारे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमडी५ या पद्धतीत ती १२८ बिटांची असते. मात्र भिन्न फाईल्सचा ठसा एकच यावा अशी रचना मुद्दाम करता येते. एमडी५ बाबत हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी एसएचए-१ चा समान ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाईल्स प्रसिद्ध केल्या. योगायोगाने असे घडण्याचा संभव नगण्य आहे. तरीही एफड्यूप्स अखेरीस बाइटशः तुलना करते, ही सावधगिरी उचितच होय.

आपल्या दृष्टीने उलट बाजूची अडचण अधिक मोठी आहे. वर्डची फाईल उघडून अक्षरही न बदलता पुन्हा जतन केली, तरी तिच्यातील बाइट्स बदलू शकतात. एकाच प्रमाणपत्राचे दोनदा केलेले स्कॅन संगणकाच्या लेखी दोन स्वतंत्र वस्तू असतात. मराठीत तर आणखी एक पेच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला शोधनिबंध आणि त्याचेच युनिकोड रूपांतर यांत वाचकाला भेद दिसणार नाही; बाइट्समध्ये मात्र साम्य उरत नाही. युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. म्हणजे 'दुसऱ्या सत्राचे गुण' या एकाच नावाच्या दोन फाईल्स एका फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात!

'ड्यूपगुरू' हे विंडोज, मॅक व लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर नावांतील साम्यही तपासते, आणि छायाचित्रांसाठी त्यात दृश्य साम्य शोधण्याची वेगळी सोय आहे. ती उपयुक्त खरी, परंतु पारितोषिक वितरणाची लागोपाठ टिपलेली दोन छायाचित्रे तिला सारखी वाटू शकतात, मग पारितोषिक घेणारे विद्यार्थी वेगळे का असेनात. येथे यादी डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे.

काय ठेवावे, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. पुष्कळजण तारखेवर विसंबतात. पण विंडोजमध्ये फाईलची प्रत काढली की निर्मितीची तारीख नवी पडते, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. त्यापेक्षा विभागाचे मूळ दप्तर ज्या फोल्डरमध्ये आहे, तो ड्यूपगुरूमध्ये 'रेफरन्स' म्हणून नोंदवावा. त्यातील फाईल्स ते पुसू देत नाही. पुसलेल्या प्रतीच्या जागी 'हार्ड लिंक' ठेवण्याचा पर्यायही त्यात आहे. त्याने जागा वाचते, परंतु दोन्ही नावे एकाच मजकुराकडे निर्देश करू लागतात. गतवर्षीच्या फोल्डरमधील प्रश्नपत्रिका आणि यंदाच्या फोल्डरमधील तिची प्रत अशा रीतीने जोडली गेली असेल, तर यंदाच्या प्रतीत केलेली दुरुस्ती गतवर्षीच्या दप्तरातही उमटू शकते. परीक्षा विभागाच्या संगणकावर हा पर्याय वापरू नये.