आरशाचा पारा

आरसा डागाळला की त्याचा ‘पारा उडाला’ असे आपण म्हणतो. आजच्या आरशात पारा नसतो; परंतु शनिवारवाड्यातील जुन्या आरसेमहालाच्या काळी हे बोलणे अक्षरशः खरे होते. सपाट शिळेवर कथलाचा पातळ पत्रा पसरीत, त्यावर पारा ओतीत आणि घासून चकचकीत केलेली काच वरून अलगद सरकवून वजनाखाली दाबीत. जादा पारा निथळण्यास कित्येक दिवस लागत. वाफेने कारागिरांचे हात कापू लागत, हे त्या झगमगाटाचे खरे मोल! १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनज्ञाने काचेवर चांदीचा थर चढविण्याची क्रिया शोधली. तरीही जुनी पद्धत एकदम लोपली नाही.

आरसेमहाल १८२८ च्या आगीत गेला. अवसरी खुर्दसारख्या गावी एखाद्या वाड्यात जुना आरसा आढळल्यास नक्षीदार चौकटीपेक्षा पाठ आधी पाहावी. करडी छटा आणि खालच्या कडेशी साचलेले पाऱ्याचे सूक्ष्म थेंब ही जुन्या कृतीची लक्षणे होत. अशी काच बदलणे म्हणजे पुरावाच टाकून देणे. आणि तो थर खरवडणे तर सर्वथा वर्ज्य, कारण त्यातील पारा आजही विषारीच आहे.