गिअर अडतो : दोष क्लचचा की पेटीचा?

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला आणि ऐन पेरणीच्या वेळी जुन्या ट्रॅक्टरचा गिअर पडेनासा झाला, तर शेतकऱ्याची किती धांदल उडते हे सांगावयास नको. मागील एका हंगामात असाच एक ट्रॅक्टर माझ्या पाहण्यात आला. तो दोन दिवस उभा होता व गिअरपेटी खोलण्याचे ठरले होते. तत्पूर्वी क्लचचे पायडल हाताने दाबून पाहिले, तेव्हा त्याचा जवळजवळ निम्मा पल्ला मोकळाच जात असल्याचे आढळले. पायडलच्या सळईची लांबी जुळविताच ट्रॅक्टर शेतात गेला. पेटी खोलण्याचा खर्च वाचला व वाफसाही साधला.

इंजिनाची गती गिअरपेटीत जाऊ देणे किंवा तोडणे, हे क्लचचे कार्य होय. म्हणून दोष शोधताना पुढील क्रम ठेवावा.

पहिली परीक्षा : इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. दातावर दात आला असल्यास ट्रॅक्टर किंचित पुढेमागे ढकलावा. इंजिन बंद असता गिअर सहज पडतात, परंतु चालू असता अडतात, तर दोष बहुधा क्लचचा समजावा. बंद असतानाही अडत असल्यास गिअरचा दांडा अथवा पेटी तपासावी.

दुसरी परीक्षा : इंजिन मंद चालवून, ट्रॅक्टर उभा असता, पायडल पूर्ण दाबावे. दहा सेकंद थांबून मागचा गिअर टाकावा. खरखर झाल्यास क्लच पूर्ण सुटत नाही असे जाणावे. पायडल जास्त मोकळे असणे, प्लेट वाकणे, किंवा पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहून प्लेट गंजाने चिकटणे, ही त्याची कारणे होत. मात्र पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत गिअर बदलल्यास क्लच चांगला असूनही खरखर होते. तेथे थांबूनच गिअर बदलावा.

तिसरी परीक्षा : इंजिनाचा वेग वाढतो, पण नांगर ओढला जात नाही व जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे. पायडल मुळीच मोकळे नसणे, अस्तर झिजणे किंवा त्यावर तेल येणे, यांमुळे असे घडते. पायडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालविण्याची सवय यास विशेष कारणीभूत होते.

पायडलचा मोकळा पल्ला बहुधा 25 मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे.

चालता गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र दोष पेटीचा असण्याचा संभव अधिक. असा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर नेणे प्राणघातक ठरू शकते. दुरुस्तीपूर्वी तो रस्त्यावर काढू नये. पेटीतील तेल दुधासारखे दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. भात खाचरात चिखलणी केल्यानंतर ही तपासणी अवश्य करावी.

क्लच उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असून ते फुप्फुसांस अपायकारक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या परीक्षा वैशाखातच शेतकऱ्यांकडून करवून घ्याव्यात. त्या वेळी घालविलेला एक तास मृगात दोन दिवस वाचवील.