आजीच्या कुंडीतली पांढरी मुळी

दुर्लक्षाने अर्धमेले झालेले कुंडीतले झाड पुष्कळदा वाचवणाऱ्याच्या घाईनेच जाते. आजी आजारी पडते, दवाखान्यात राहते किंवा लेकाकडे पुण्याला जाऊन चार महिने काढते. मागे राहिलेली तिची तुळस, मोगरा, ब्रह्मकमळ यांच्याकडे बघायला कुणालाच सवड होत नाही. ती परत येणार म्हटल्यावर घरात धावपळ सुरू होते. बादलीभर पाणी, ओंजळभर खत आणि कडक ऊन असे तिन्ही उपाय एकाच दिवशी होतात, आणि झाडात उरलेला थोडा जीवही आठवड्याभरात संपतो. गेलेली पाने डोळ्यांना दिसतात, पण खरे नुकसान मुळांचे झालेले असते. मुळी सावरल्याखेरीज पाणी, खत, ऊन यांतले काहीच झाडाच्या अंगी लागत नाही.

कसबा बावड्यात हे नुकसान दोन उलट वाटांनी होते. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठी वसलेल्या या भागात नदीकडची माती काळी आणि चिकट आहे. उसाला ती मानवते. कुंडीत मात्र तीच माती पाणी तुटले की आक्रसते, कडेपासून सुटते, आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकाबाहेर येते. पाणी घातल्यासारखे वाटते, पण मातीचा गड्डा आतून कोरडाच राहतो. दुसरी वाट पुराची. बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी नदीकाठची माणसे घर सोडून जातात. अंगणातल्या कुंड्या पाण्याखाली राहतात, माडीवरच्या आडोशातल्या कोरड्या पडतात. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि कुजतात.

अडचण अशी की वरून पाहताना दोन्ही झाडे सारखीच दिसतात: माना टाकलेली, पिवळी पडलेली. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाडही तहानेनेच सुकते. त्याला आणखी पाणी घालणे म्हणजे उरलेली मुळे कुजवणे. म्हणून पाण्याचा तांब्या उचलण्याआधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे.

झाड जिवंत आहे की नाही, हे पानांवरून ठरत नाही. नखाने किंवा चाकूच्या टोकाने सालीवर हलका ओरखडा काढावा. सालीखाली हिरवा, ओलसर थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा दिसला तर गेलेली. तपास शेंड्याकडून खोडाकडे करत यावा, कारण झाड वरून खाली वाळत येते. मोगऱ्याच्या सगळ्या काटक्या वाळल्या तरी बुंध्याशी जीव असतो आणि तिथून नवे फुटवे येतात. नुसती पाने झडलेला मोगरा कचऱ्यात टाकणे ही घोडचूक होय.

त्यानंतर झाड कुंडीतून बाहेर काढावे. या पायरीची बहुतेकांना भीती वाटते, पण ती टाळली तर पुढचे सगळे अंदाजाने करावे लागते. माती दगडासारखी झाली असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी. बुडबुडे थांबले की गड्डा भिजला असे समजावे. बाहेर काढलेल्या गड्ड्यात पांढरी मुळी शोधावी. ऊस आणि द्राक्षे पिकवणारा शेतकरी पिकाची तब्येत याच पांढऱ्या मुळीवरून ओळखतो, कारण पाणी आणि अन्न मुख्यतः हीच कोवळी टोके शोषतात. काळी पडलेली, बोटात धरताच साल सुटणारी, कुबट वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. मुळे गेली तितक्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात. थोड्या मुळ्यांना फार पाने पोसवत नाहीत.

नवी माती भरताना काळी माती एकटी वापरू नये. तांबडी माती, जाडसर वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे साधारण समान भाग घेतले तर पाणी मुरते आणि जादाचे निघूनही जाते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही जागेवर असण्याची स्थिती, ती कुंडीतही साधावी लागते. बावड्यात साखर कारखाना असल्याने प्रेसमडचे, म्हणजे उसाच्या रसातून निघालेल्या गाळाचे, खत अनेकांच्या ओळखीचे आहे. ते चांगलेच, पण कच्चे असले तर कुजताना तापते आणि मुळे भाजतात. कुंडी मुळांच्या मानाने फार मोठीही घेऊ नये. मुळे पोहोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुजण्याला तिथूनच सुरुवात होते.

मातीत मिसळलेल्या शेणखतापलीकडे नवी पालवी फुटेपर्यंत काहीही देऊ नये. रासायनिक खताचे क्षार मातीत वाढले की दुबळ्या मुळीला पाणी ओढणे अवघड होते. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींत पाणी असूनही पीक सुकते, त्याचे कारण हेच. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो, तोही क्षारांचाच. पहिल्या जोरदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवून ते धुऊन जाऊ द्यावेत. झाड पंधरा दिवस सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, आणि पालवी आल्यावर त्याच्या नेहमीच्या जागी ठेवावे. कोल्हापूरच्या हवेत या कामाला थंडी सरताना किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला हात घालावा. मे महिन्यात मुळे उघडी करणे टाळावे.

तुळशीचे गणित थोडे वेगळे आहे. ती मुळातच अल्पायुषी. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखे होते, मंजिऱ्या येतच राहतात आणि पाने विरळ होतात. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर आयुष्य काहीसे वाढते, पण जुन्या खोडाला कितीही जपले तरी ते कायम टिकत नाही. आजीची तुळस टिकवायची तर तिच्या काड्या लावाव्यात. मंजिरी न आलेली चार-पाच इंचांची कोवळी काडी घ्यावी, खालची पाने काढावीत, पाण्याच्या ग्लासात सावलीत ठेवावी आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. साधारण दोन आठवड्यांत मुळ्या फुटतात. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. झाड आजीचे आहे म्हटल्यावर तेवढे पाळावेच.

बी आणि काडी यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. बी मधमाश्यांच्या येण्याजाण्यातून तयार होते, त्यात शेजारच्या तुळशीचाही वाटा असू शकतो. काडी मात्र त्याच झाडाचा तुकडा असते आणि तिच्यातून वाढते ते जनुकांनी तंतोतंत तेच झाड. ब्रह्मकमळात हे आणखी सोपे आहे. घराघरांत रात्री फुलणारे हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. घरातल्या ब्रह्मकमळाचे रुंद पान हे खरे तर चपटे खोड असते. ते कापून चार दिवस सावलीत सुकवावे आणि वाळूमिश्रित मातीत दोन इंच खोचावे. मूळ झाड पूर्ण कुजले असले तरी असे एक धडके पान पुरते. फुलासाठी मात्र दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

दुर्मीळ वनस्पती वाचवतानाही हीच युक्ती वापरतात. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मॅरॉन नावाचे झुडूप नामशेष समजले गेले होते. १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाला त्याचे एकच झाड सापडले. १९८६ मध्ये त्याच्या काड्या लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, तिथे मुळे फुटली आणि जात तगली. बावड्यापासून फार दूर नसलेल्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या संवर्धनासाठी निष्ठेने काम केले आहे. तेव्हा घरातल्या एका झाडाच्या दोन-तीन काड्या निरनिराळ्या घरी लावून ठेवणे यात शास्त्रीय शहाणपण आहे. एक आत्याकडे असावी, एक शेजारी.

सावरलेले झाड आजीच्या हाती देताना तिच्या गुडघ्यांचाही विचार करावा. सिमेंटच्या कुंडीऐवजी हलकी कुंडी घ्यावी आणि ती कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. जवळच एक छोटा मग असावा. बादली उचलण्याची वेळ येऊ नये. पालवी फुटून महिनाभर टिकली, की मगच झाड तिच्या स्वाधीन करावे. ती पुन्हा काही महिने पुण्याला गेली तर पाणी कोण घालणार, हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावे.