पाकिटावरचे चित्र आणि सुटी सिगारेट

दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस वर्षभरात सात हजारांहून अधिक वेळा पाकीट हातात घेतो. सिगारेट पेटवण्याच्या ऐन क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे येणारे आरोग्यशिक्षणाचे साधन एकच, पाकिटावरचा इशारा. म्हणूनच तो कसा छापला आहे याला महत्त्व येते.

भारतात १९७५ च्या कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. सिगारेट आरोग्याला अपायकारक असल्याचे सांगणारे ते बारीक अक्षरांतले वाक्य तीन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले आणि सवयीने दिसेनासे झाले. ३१ मे २००९ पासून चित्रे आली, पण ती पाकिटाच्या दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेतच. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा इशाऱ्याला मिळाली. तंबाखू उद्योगाने या आकाराविरुद्ध न्यायालयात लढा दिला.

चित्राचा परिणाम खरोखर होतो का, हे अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील एका प्रयोगात तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २,१४९ जणांच्या पाकिटांवर चार आठवडे इशारे चिकटवण्यात आले, काहींना सचित्र, तर काहींना केवळ मजकुराचे. सचित्र गटातील ४० टक्के लोकांनी सिगारेट सोडण्याचा प्रयत्न केला, मजकुराच्या गटातील ३४ टक्क्यांनी. प्रयोगाच्या शेवटी किमान सात दिवस सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५.७ आणि ३.८ टक्के होते. विशेष म्हणजे, चित्रांमुळे धोक्याविषयीची समजूत फारशी बदलली नव्हती. सिगारेट वाईट हे लोकांना आधीच ठाऊक होते. चित्राने अस्वस्थता निर्माण केली, धोक्याचा विचार पुन्हापुन्हा मनात आणला आणि घरी-मित्रांत त्यावर बोलणे घडवले.

किळसवाण्या चित्रांमुळे लोक नजर फिरवतील आणि इशारा वाया जाईल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. कॅनडात सचित्र इशारे आल्यानंतर ओंटारिओ प्रांतात झालेल्या पाहणीने तो खोटा ठरवला. भीती आणि किळस अधिक वाटलेल्यांनीच सोडण्याचे किंवा कमी करण्याचे प्रयत्न जास्त केले. चित्र झाकणारे, टाळणारेही त्या प्रयत्नांत मागे नव्हते. चित्र झाकायचे, तरी ते आहे याची आठवण ठेवावीच लागते.

भारतातील आकडे मात्र बारकाईने वाचायला हवेत. प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार, इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३८ टक्के होते; २०१६-१७ मध्ये ते जवळपास ६२ टक्के झाले. विडी ओढणाऱ्यांतही ते २९ वरून ५४ टक्क्यांच्या आसपास गेले. पण वर्षभरात प्रत्यक्ष सोडून पाहणाऱ्या धूम्रपानकर्त्यांचे प्रमाण दोन्ही वेळा सुमारे ३८ टक्केच राहिले. विचार वाढला, प्रयत्न तिथेच थांबला.

याचे मोठे कारण निकोटिन. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड आणि तलफ सर्वाधिक छळतात, आणि त्या वेळी चित्र कामी येत नाही. सल्ला आणि औषध लागते. १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर तंबाखू सोडण्याच्या मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा टोल-फ्री क्रमांक आला, ही या इशाऱ्यातली सर्वांत शहाणपणाची भर म्हणावी लागेल. आज सोडायचे ठरवणाऱ्याला पुढे काय करायचे ते त्याच पाकिटावर सापडते. या मदतवाहिनीचे एक केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही आहे.

दुसरे कारण पानटपरीवर दिसते. तिथे सिगारेट सुटी मिळते. पाकीट टपरीवाल्याकडेच राहते आणि ओढणाऱ्याच्या हाती ना चित्र पडते, ना क्रमांक. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली ती यासाठीच. कॅनडाने आणखी पुढे जाऊन प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापायला लावला आहे. सुटी विकली गेली, तरी तिथे इशारा सिगारेटसोबतच जातो.